कुत्र्यासाठी घरचा गार खाऊ: साखर पडायच्या आधी त्याचा वाटा बाजूला काढा

ओसरी

उन्हाळा लागला की घरोघरी कुल्फीचे साचे माळ्यावरून खाली येतात, कलिंगडं चिरली जातात, आणि पायाशी एक जण आशेने बघत बसलेला असतो. त्यालाही काही गार द्यावं असं सगळ्यांनाच वाटतं, पण तोवर भांड्यात साखर, जायफळ, बेदाणे पडून गेलेले असतात. म्हणून हा धागा. घरच्यांसाठी जे करणार त्याच जिनसांतून कुत्र्याचा वाटा आधी कसा काढायचा, कसा गोठवायचा आणि किती द्यायचा, एवढंच इथे बोलूया.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. अंग गार करायला उपयोगी पडेल असा घाम कुत्र्याला फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर, म्हणजे जिभेवरचं आणि श्वासनलिकेतलं पाणी उडून जाण्यावर. उन्हाळ्यात त्याचं पाणी सतत खर्च होत असतं. गार खाऊचं खरं काम ते पाणी हळूहळू पोटात घालणं हे आहे. म्हणून मिश्रण पातळ ठेवा. घट्ट आणि गोड केलं तर तो फक्त मिठाई खातो.

तीन मिश्रणं देते.

दही-केळं: गाईच्या दुधाचं, साय काढलेलं, ताजं दही २०० ग्रॅम, एक लहान पिकलेलं केळं (सोलून साधारण ८० ग्रॅम) आणि १०० मिली पाणी. केळं आधी काट्याने ठेचा, मग दही-पाणी घालून रवीने घुसळा. मिक्सरमधून काढलंत तर १० मिनिटं ठेवून फेस बसू द्या, नाहीतर वड्या वरून पोकळ होतात. ३० मिली कप्प्यांच्या ट्रेमध्ये १२ वड्या होतात. घरच्या फ्रीजरला, म्हणजे उणे १८ अंशांच्या आसपास, ४ तास लागतात. माप दुप्पट घेतलं तर अर्धं कुत्र्याचं, आणि उरलेल्या अर्ध्यात मध-वेलची घालून मुलांच्या कांड्या.

कलिंगड: बिया काढलेला लाल गर ३०० ग्रॅम, बाकी काही नाही. फिरवा, पण गाळू नका. चोथ्यामुळे बर्फ सलग होत नाही आणि वडी दाताखाली भुगा होते. गाळलेल्या रसाचा मात्र दगड होतो. मोठ्यांच्या वाट्यात काळं मीठ, चाट मसाला, पुदिना काय हवं ते नंतर घाला. सालीचा तुकडा कुत्र्याला नको, तो पचत नाही आणि आतड्यात अडकू शकतो.

चिकनचं पाणी: हाडासकट २५० ग्रॅम चिकन, सव्वा लिटर पाणी, मंद आचेवर ४० मिनिटं. मीठ नाही, कांदा-लसूण नाही, बाजारची मसाल्याची वडी तर अजिबात नाही, कारण तिच्यात मीठ असतंच आणि बहुतेक वेळा कांद्याची पूडही. गाळून हाडं फेकून द्या. शिजलेलं हाड चावलं की त्याच्या सळ्या निघतात आणि त्या घशात, आतड्यात रुततात. पाणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वर पांढरा थर येतो तो चमच्याने उचलून टाका. ही चरबी ठेवली तर उलटी-जुलाब तर होतातच, स्वादुपिंडाला सूजही येऊ शकते. घरच्यांचं सूप त्याच पातेल्यातून काढायचं असेल तर कुत्र्याचं आधी गाळून घ्या, फोडणी नंतर.

गुरांचा_डॉक्टर

चांगला विषय. मी ‘अजिबात नाही’ची यादी देतो, कारण आपल्याकडच्या गार पदार्थांत या वस्तू नेमक्या येतात.

द्राक्षं, मनुका, बेदाणे: मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही, एखाद्या कुत्र्याला थोडेही पुरतात. यामागे टार्टारिक आम्ल असावं असा अलीकडचा अंदाज आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणून चिंचेचं सरबत आणि चिंचेच्या कांड्याही बाद.

झायलिटॉल: ‘बिनसाखरेचं’ लिहिलेल्या काही आइस्क्रीममध्ये, च्युइंगममध्ये आणि पीनट बटरमध्ये असतं. किलोमागे ०.१ ग्रॅमही कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक खाली आणायला पुरतं. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १ ग्रॅम. त्याहून जास्त गेलं तर यकृतावर घाला. वेष्टनावर नाव नसेल तर ९६७ हा आकडा शोधा, तो झायलिटॉलचाच.

चॉकलेट आणि कॉफी: चोकोबारचं कवच आणि कोल्ड कॉफी दोन्ही यात आलं. कोको जितका गडद तितका त्रास जास्त.

जायफळ: बासुंदी, श्रीखंड, मसाला दूध. चिमटीने मोठं विष होत नाही, पण वाटी चाटायला दिली की त्यात साखर, साय आणि सुकामेवाही आलाच.

आता दूध. वयात आलेल्या बहुतेक कुत्र्यांना दुधातली साखर पचवणारं विकर कमी पडतं. कुल्फीत दूध आटवलेलं असतं, म्हणजे तीच दुधातली साखर आणि चरबी एकवटलेली. दह्यात विरजणाने तिचा काही भाग खाऊन टाकलेला असतो म्हणून ते सोसतं, तरी पहिल्यांदा एकच वडी द्या आणि २४ तास शी बघा. सैल झाली तर दही सोडा आणि उकडलेल्या लाल भोपळ्यावर या: १०० ग्रॅम भोपळा, २०० मिली पाणी, ठेचून गोठवायचं.

चाफेकळी

किती द्यायचं याचं काही गणित? ‘थोडंसं’ म्हटलं की घरातले चौघे चार वेळा थोडंसं देतात.

गुरांचा_डॉक्टर

@चाफेकळी, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्के, त्यात बिस्किटं आणि पोळीचे तुकडेही मोजायचे. नसबंदी झालेल्या, फिरायला जाणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी वरखाऊचा अंदाज असा: ५ किलोला ३५ कॅलरी, १० किलोला ६०, २० किलोला १००, ३० किलोला १४०. ओसरींच्या दही-केळ्याच्या एका वडीत साधारण १५ कॅलरी येतात, कलिंगडाच्या वडीत ९ किंवा १०, चरबी काढलेल्या चिकनच्या पाण्यात नगण्य. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दही-केळ्याच्या जास्तीत जास्त ४, आणि त्या दिवशी दुसरं काही नाही. म्हशीच्या दुधाचं सायीसकट दही घेतलं तर हाच आकडा दीडपटीच्या पुढे जातो.

चौघांच्या थोडंसंवर उपाय सोपा आहे. दिवसाचा वाटा सकाळीच वेगळ्या डब्यात काढून ठेवा. डबा रिकामा झाला की संपलं.

मधुमेह असलेल्या कुत्र्याला फळांच्या वड्या देऊ नका. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच काय ते.

पांढरपाय

जिन्नस योग्य असून त्रास होतो तो कडकपणामुळे आणि आकारामुळे, त्यावर लिहितो.

साध्या पाण्याचा बर्फाचा खडा मोठ्या कुत्र्याने दाढेखाली फोडला तर वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेची कपची उडू शकते. ती दिसत नाही, कुत्रा एका बाजूने खायला लागतो तेव्हा कळतं. म्हणून नुसत्या पाण्याऐवजी गर, दही, भोपळा असं काहीतरी मिसळलेलंच गोठवावं. चिकनचं पाणी मऊ हवं असेल तर त्याच्या एक कप गरम पाण्यात सपाट चमचाभर बिनचवीचं जिलेटिन विरघळवून फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या, दाताने दबेल असं होतं. नुसता बर्फ द्यायचाच असेल तर किसून, गोळ्यावाल्याकडे असतो तसा भुगा करून. रंगीत पाक अर्थातच नाही.

आकार कुत्र्यावरून ठरवा. लॅब्राडॉरसारखा गिळखाऊ असेल तर ३० मिलीची वडी तो अख्खी गिळतो. त्याला १०० मिलीच्या वाटीत गोठवलेला मोठा गोळा द्या, तो अख्खा गिळणं अवघड जातं आणि चाटावा लागतो. याला ६ तास लागतात. पामेरियनला उलट करायचं, वडी सुरीने चार तुकडे करून.

स्टीलच्या वाटीत गोठवलंत तर वाटीसकट पुढे ठेवू नका. उणे १८ अंशांच्या धातूला ओली जीभ चिकटते, कुत्रा झटका देऊन मागे होतो आणि जिभेचं साल निघतं. वाटी नळाखाली १० सेकंद धरा, गोळा सुटतो, तो ३-४ मिनिटं ताटलीत ठेवून वरून ओलसर चमक आली की द्या. कुल्फीच्या अॅल्युमिनियमच्या साच्याचंही तेच, तळव्यांत फिरवून सोडवायचा.

आणि काडी. आइस्क्रीमची लाकडी काडी कुत्र्याच्या खाऊत कधीच खोचू नये, शेवटचा घास काडीसकट जातो. काडीच्या जागी गाजराची बोटभर फोड उभी करा. मिश्रण अर्धवट गोठल्यावर, म्हणजे दीड तासाने खोचली तर सरळ राहते. आधी खोचली तर तिरकी होऊन तरंगते.

खाडीकाठ

पोकळ रबरी खेळण्यात भरून गोठवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. काँगसारखं खेळणं असेल तर लहान भोक आधी चमच्याच्या टोकावर मावेल एवढ्या दाण्याच्या लोण्याने बुजवा, खेळणं पेल्यात उलटं उभं करा, मोठ्या तोंडातून मिश्रण भरा, वर बोटभर जागा सोडा (गोठताना फुगतं) आणि रात्रभर ठेवा. मधल्या आकाराचं खेळणं चाटून संपवायला २०-३० मिनिटं लागतात. दुपारी घरात कोंडून राहणाऱ्या कुत्र्यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही.

दाण्याचं लोणी घरीच करा. शेंगदाणे भाजून, फोलपटं काढून, तेल सुटेपर्यंत फिरवायचे. मीठ-साखर-गूळ काही नाही. खवट, काळपट, बुरशीचा वास असलेला दाणा एकही जाऊ देऊ नका, त्या बुरशीचं विष कुत्र्याच्या यकृताला फार जड जातं. आणि मोजून वापरा. एका मोठ्या चमच्यात ९०-१०० कॅलरी, म्हणजे डॉक्टरांच्या हिशोबाने १० किलोच्या कुत्र्याचा दीड दिवसाचा वरखाऊ.

पांढरपाय

@खाडीकाठ, त्यात एक भर, आणि ती महत्त्वाची आहे. खेळण्याला दोन भोकं असलीच पाहिजेत. एकच तोंड असलेल्या पोकळ वस्तूत कुत्रा जीभ घालून चाटत राहिला की आतली हवा ओढली जाते, जीभ आत खेचली जाते, सुजते आणि बाहेरच येत नाही. स्वस्त चेंडूंत आणि पोकळ हाडांत हे होतं. भरताना आरपार एक स्ट्रॉ ठेवा, गोठल्यावर फिरवून ओढून काढा, हवेला वाट राहते. दोन भोकांच्या खेळण्यातही लहान भोक लोण्याने बुजलेलं असतं, म्हणून तिथेही स्ट्रॉ हवीच.

चाफेकळी

आंबा? आमच्याकडे मे महिन्यात दुसरं काही असतंच असं नाही.

ओसरी

चालतो, नुसता गर. साल नाही, कारण सालीत आणि देठाच्या चिकात खाज आणणारं द्रव्य असतं. काहींच्या ओठांना त्याने पुरळ येतं. कोय तर मुळीच नाही. चोखायला दिलेली कोय बुळबुळीत होऊन सरकन घशात जाते, आणि आतड्यात अडकली की ऑपरेशनशिवाय निघत नाही. जेवणानंतर ताटातल्या कोयी ताबडतोब झाकणाच्या डब्यात टाका, केराच्या उघड्या टोपलीतून कुत्रा त्या बरोबर शोधून काढतो.

हापूस गोड असतो, म्हणून गर ५० ग्रॅम, दही १००, पाणी १५०. आमरसाच्या पातेल्यातला नको, त्यात साखर-दूध पडलेलं असतं. पन्हंही नको, मीठ आणि गूळ दोन्ही त्यात आहे.

वऱ्हाडी_ऊन

नागपूर-अकोला-चंद्रपूरकडच्या मंडळींसाठी वेळेचं सांगतो. ४५ अंशांत दुपारी १२ ते ५ कुत्रा बाहेर काढूच नये हे आलंच. बाहेरून आल्या आल्या जोरजोरात धापा टाकत असताना गोठलेलं काही पुढे करू नका. तो श्वास आणि घास एकत्र घेतो, ठसका लागतो. आधी सावली, पंखा, माठातलं पाणी थोडं थोडं. १५-२० मिनिटांनी श्वास शांत झाला की मग वडी. जेवणानंतरही लगेच नको, तासभर जाऊ द्या.

बर्फाने पोटाला पीळ पडतो असं सर्रास सांगितलं जातं. बर्फ हे कारण असल्याचा पुरावा नाही. खरा धोका भसाभसा गिळण्यात आणि एका वेळी भरपूर खाण्यात आहे, आणि तो खोल छातीच्या जातींत जास्त: जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन. त्यांना मोठा गोळा चाटायला देणं हे त्या दृष्टीनेही बरं.

गुरांचा_डॉक्टर

@वऱ्हाडी_ऊन यांच्याला जोडून. गार खाऊ हा उष्माघातावरचा इलाज नव्हे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. धापा थांबतच नाहीत, लाळ चिकट-तारेदार होते, हिरड्या लालभडक किंवा फिकट पडतात, चाल झोकांड्या खाते, उलटी होते, यातलं काही दिसलं तर तोंडात काही घालू नका. गुंगीत असलेल्याच्या घशात ते अडकतं. सावलीत नेऊन नळाचं पाणी अंगभर, विशेषतः पोट, जांघा, काखांत ओता आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आत कोंडतो. अंग भिजवणं आधी, दवाखान्याकडे निघणं त्यानंतर, आणि गाडीतही काच खाली किंवा एसी चालू.

चाफेकळी

नाक चपटं असलेल्यांचं काय? पग, शिह-त्झू. शिवाय चार महिन्यांच्या पिल्लाला गार दिलेलं चालतं का, दात येत असतात म्हणून विचारते.

पांढरपाय

पगला खोल खेळण्यातून चाटता येत नाही, नाक तोंडावर दाबलं जाऊन श्वास कोंडतो. त्याच्यासाठी खाचांचा सिलिकॉनचा चाटपट्टा घ्या, किंवा नुसती उथळ ताटली. दही-भोपळ्याचा ३-४ मिलिमीटरचा थर पसरून २ तास गोठवा. त्याहून जाड थर नको, चाटायला फार वेळ लागतो, कुत्रा दमतो आणि पट्टाच चावायला लागतो.

पिल्लाला चालतं. सुती फडकं चिकनच्या पाण्यात भिजवून, पिळून, पीळ देऊन गाठ मारा आणि तासभर गोठवा. हिरड्यांना बरं वाटतं. १० मिनिटांनी काढून घ्या. मऊ पडलं की पिल्लू धागे ओढून गिळतं आणि धागा आतड्यात गेला तर प्रकरण गंभीर होतं. अख्खं गोठलेलं गाजर दुधाच्या दातांना कडक पडतं, ते फक्त फ्रीजमध्ये गार केलेलं द्या.

खाडीकाठ

किनारपट्टीचं वेगळं आहे. मुंबई-रत्नागिरी-गोव्याकडे पारा ३४ असला तरी हवा इतकी दमट असते की जिभेवरचं पाणी उडतच नाही, धापा टाकून फायदा कमी. आकडा बघून ‘अजून तेवढं गरम नाही’ म्हणू नका, कुत्र्याकडे बघा.

शहाळ्याचं पाणी निरोगी कुत्र्याला चालतं, निम्मं साधं पाणी मिसळून, १० किलोला दिवसाला दोन वड्या. त्यात पोटॅशियम बरंच असतं, म्हणून मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला देऊ नका. मलई तेलकट, तिचा एखादा तुकडा पुरे.

मुंग्यांसाठी: ताटली पाणी भरलेल्या मोठ्या परातीत ठेवा. गोड थेंब लादीवर पडले की १० मिनिटांत रांग लागते, आणि मुंग्यांसकट चाटलं तर जिभेला चावे.

वऱ्हाडी_ऊन

दारातल्या कुत्र्यांसाठीही करता येतं. आइस्क्रीमच्या रिकाम्या दोन लिटरच्या डब्यात पाणी आणि काकडीच्या चकत्या घालून रात्रभर गोठवा, दुपारी तो गोळा सिमेंटच्या कुंडात पाण्यात सोडा. पाणी बराच वेळ गार राहतं. प्लॅस्टिकच्या पिशवीतली पेप्सी मात्र मुलांना बजावून ठेवा, रिकामी नळी जमिनीवर टाकू नका. गोड लागते म्हणून कुत्री पिशवीसकट गिळतात.

चाफेकळी

शेवटचा प्रश्न. आमच्याकडे भारनियमन आहे, रोज तीन तास वीज जाते. वड्या ठेवाव्यात का?

ओसरी

फ्रीजर गच्च भरलेला आणि दार बंद असेल तर तीन तासांत काही होत नाही. मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, गारवा टिकतो. ओळखायची खूण: एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. वीज आल्यावर नाणं वरच असेल तर माल ठीक. नाणं बर्फात खाली गेलं असेल तर मधे सगळं वितळून परत गोठलंय. तेव्हा चिकनच्या आणि दह्याच्या वड्या टाकून द्या. नुसत्या कलिंगडाच्या असतील आणि वास आंबूस नसेल तर त्याच दिवशी संपवा. एरवी वड्या ट्रेमधून काढून झाकणाच्या डब्यात, तारीख लिहून, दोन आठवडे. ट्रेमध्येच उघड्या राहिल्या तर त्यांना मासळीचा वास लागतो. कुत्र्याला तो चालेल, पण घरच्यांच्या कांड्या त्याच फ्रीजरमध्ये असतात.